योग्य ती दक्षता घ्यावी

सरकारी मराठीतलं एक वाक्य मला आयुष्यभर छळत आलं आहे. "संबंधितांनी योग्य ती दक्षता घ्यावी." शाळेत होते तेव्हा दर दुसऱ्या परिपत्रकाच्या तळाशी ते बसलेलं असायचं. मी निवृत्त झाले, ते वाक्य काही झालं नाही. उलट शाळांमध्ये कॉम्प्युटर आल्यापासून त्याला बढतीच मिळालेली दिसते.

मराठी शिकवण्यात जन्म गेला, तेव्हा आधी त्याचं व्याकरण चालवू या. 'संबंधितांनी' हा कर्ता. म्हणजे कोण? जो सापडेल तो. 'योग्य ती' हे विशेषण. विशेषणाने नामाबद्दल जास्तीची माहिती द्यायची असते, हे देत नाही. 'दक्षता' हे भाववाचक नाम, म्हणजे टेबलावर ठेवता येत नाही, बिलात लावता येत नाही आणि हरवली तर पंचनाम्यात लिहिता येत नाही अशी गोष्ट. 'घ्यावी' हा विध्यर्थ. आणि वाक्य लिहिणारा? तो वाक्यात कुठेच नाही. इतकं सुरक्षित वाक्य मी दुसरं पाहिलेलं नाही. पुढे काही बिघडलंच, तर दोष फक्त वाचणाऱ्याला लागतो.

पुढचा लेख आमच्या मालगुंडच्या केशवसुतांवर लिहीन असं मागे म्हटलं होतं. ते राहू द्या. (तेही मास्तरच होते, समजून घेतील.) आज मला भांडायचं आहे.

विषय आहे शाळेतून घरी आणि घरून शाळेत जाणाऱ्या फायलींचा. कागदाच्या नव्हे, कॉम्प्युटरच्या. ब्लॉगवाल्यांपैकी बरेच जण आयटीतले आहात, तुम्हाला यात नवीन काही सापडणार नाही. पण नात्यातली मंडळीही इथे येऊन वाचतात, आणि त्यांतले बरेच शाळेत नाहीतर बँकेत आहेत. त्यांच्यासाठी जरा बैजवार सांगते.

माझी पुतणी रत्नागिरी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. २०१५ साली 'सरल' आलं, मग यूडायस प्लस, मग 'अपार' ओळखक्रमांक, आणि या सगळ्यांच्या मधे शिष्यवृत्तीचे आणि पोषण आहाराचे तक्ते. या तक्त्यांत काय असतं ते एकदा डोळ्यांसमोर आणा. मुलाचं नाव, जन्मतारीख, जात, आधार क्रमांक, आईचं नाव, बँकेचा खाते क्रमांक, अपंगत्व असेल तर कोणतं आणि किती टक्के. शाळेत नेट कधी असतं, कधी नसतं. पावसाळ्यात लाइटच नसते. मग हे काम होतं रात्री, घरी, भांडी घासून झाल्यावर. म्हणजे फाइल शाळेतून घरी आली पाहिजे आणि सकाळी परत शाळेत गेली पाहिजे. कशी? पेनड्राइव्हवर, पर्समध्ये, बसपासाच्या शेजारी. नाहीतर स्वतःच्याच जीमेलवर स्वतःलाच पाठवून. नाहीतर, आणि हे सर्वांत जास्त, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून.

वर्षातून एकदा प्रशिक्षण असतं. तिथे एक गृहस्थ पडद्यावर चित्रं दाखवतात. पेनड्राइव्ह वापरू नका, पासवर्ड बदलत राहा, महत्त्वाच्या फायली एन्क्रिप्ट करून पाठवा. कसं करायचं, कशाने करायचं, ते बसवून कोण देणार, यावर एक अक्षर नाही. वडा-चहा होतो, हजेरीपटावर सही होते. त्या सहीचा अर्थ असा की आता तुम्हाला सांगितलेलं आहे. पुढे झालं-गेलं तुमच्या माथी.

आणि होतंच. आमच्याच भागातल्या एका शाळेतली गोष्ट आहे, नाव घेत नाही. एकल पालक असलेल्या मुलांची यादी वर मागवली होती. यादीत 'कारण' असा एक रकाना होता. वर्गशिक्षिकेने रात्री घरी बसून ती भरली आणि सकाळी आठला द्यायची म्हणून ग्रुपवर टाकली. ग्रुपमध्ये शिक्षक, शिपाई, संस्थेचे दोन सदस्य. संध्याकाळपर्यंत ती यादी वाडीतल्या दुसऱ्याच ग्रुपवर फिरत होती. दुसऱ्या दिवशी एका मुलीची आई शाळेत आली. तिच्या नवऱ्याने घर सोडल्याचं तिने मुलीलासुद्धा अजून सांगितलेलं नव्हतं, बाबा कामाला बाहेरगावी आहेत एवढंच सांगितलं होतं. ते त्या मुलीला वर्गातल्या मुलांकडून कळलं. आई कुणावर ओरडली नाही म्हणतात. फक्त विचारत राहिली, "कोणी लिहिलं हे?" शिक्षिकेला कारणे दाखवा नोटीस मिळाली. नोटिशीत काय होतं ते सांगायला नकोच. दक्षता घेतली नाही.

मला त्या नोटिशीवर भांडायचं आहे. माझं म्हणणं सरळ आहे. फाइलला कुलूप लावण्याचं काम माणसाच्या आठवणीवर आणि चांगुलपणावर सोडायचं नाही. ते आपोआप झालं पाहिजे, दर वेळी, माणूस दमलेला असो की घाईत असो. आणि ते आपोआप होईल अशी व्यवस्था बसवून देणं हे ज्याने काम सांगितलं त्याचं काम आहे, ज्याला सांगितलं त्याचं नाही.

आता कुलूप म्हणजे काय ते. एन्क्रिप्शनला आपल्याकडे 'कूटबद्धीकरण' असा शब्द केला आहे. शब्द बरोबर आहे, पण उच्चारता उच्चारता फाइल पोचून जाते, म्हणून मी आपलं कुलूपच म्हणते. यातली खुबी मला भाच्याने सांगितली ती अशी. पोस्टाची लाल पेटी असते ना, तिच्या फटीतून पत्र कुणीही टाकू शकतं, पण काढू शकतो फक्त किल्लीवाला. तसं शाळेच्या कॉम्प्युटरची एक 'फट' सगळ्या शिक्षकांना देऊन ठेवायची आणि किल्ली शाळेतच ठेवायची. घरून टाकलेली फाइल वाटेत कुणाच्या हाती लागली, तर त्याला नुसता कचरा दिसतो. ही कल्पना डिफी आणि हेलमन या दोघा अमेरिकनांनी १९७६ साली मांडली. १९९१ साली फिल झिमरमन यांनी ती साध्या माणसाच्या कॉम्प्युटरवर फुकट आणून ठेवली, पीजीपी नावाने. म्हणजे हे कुलूप जगात आहे त्याला पस्तीसएक वर्षं होत आली. मग ते आपल्या दारावर का नाही?

याचं उत्तर १९९९ सालीच मिळालं होतं. अल्मा व्हिटन आणि टायगर या दोन संशोधकांनी १२ शिकल्यासवरलेल्या, रोज ईमेल वापरणाऱ्या माणसांना बसवलं, तो पीजीपी प्रोग्रॅम दिला आणि दीड तास दिला. एक निरोप कुलूपबंद करून, सही करून पाठवा म्हणाले. तिसरा हिस्सा माणसांनाच ते नीट जमलं. तिघांनी तर जो निरोप लपवायचा होता तोच चुकून उघडा पाठवला. वर्गात १२ पैकी ८ मुलं नापास झाली तर आम्ही मुलांना दोष देत नसू. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला देत असू. इथे मात्र पंचवीस वर्षं झाली, अजून मुलांनाच छड्या चालल्या आहेत.

बरं, हे फक्त आपल्याकडच्या शाळांचं दुखणं आहे असंही नाही. साहेबाच्या देशात २००७ साली काय झालं ते बघा. तिथल्या कर खात्याने मुलांच्या भत्त्याची सगळी यादी दोन सीडींवर भरली आणि टपालाने लंडनला लेखापरीक्षकांकडे धाडली. अडीच कोटी माणसांची नावं, पत्ते, बँक खाती. सीडींना पासवर्ड होता, पण आतला मजकूर कुलूपबंद नव्हता. त्या सीडी पोचल्याच नाहीत. आधी बोट गेलं एका कनिष्ठ कर्मचाऱ्याकडे. मग चौकशी झाली आणि दिसलं की आडातच नव्हतं. खात्याच्या अध्यक्षांना मात्र राजीनामा द्यावा लागला, एवढं तरी तिथे झालं.

त्याच्या आदल्या वर्षीची अमेरिकेतली गोष्ट तर थेट आपल्या विषयाची. माजी सैनिकांच्या खात्यातला एक कर्मचारी काम घरी नेत असे. २००६ च्या मे महिन्यात त्याच्या घरी चोरी झाली. लॅपटॉप आणि बाहेरची डिस्क गेली. त्यात सुमारे २ कोटी ६५ लाख सैनिकांची माहिती होती, उघडी. खात्याने आधी सांगितलं, याने नियम मोडून माहिती घरी नेली. नंतर कागद निघाले की घरी काम करायची परवानगी त्याला होती. चोरीचा माल पुढे सापडला, माहिती कुणी उघडलेली दिसली नाही, हे नशीब. पण क्रम लक्षात ठेवा. काम घरी न्यायला सांगायचं, किंवा नेतात हे माहीत असून गप्प बसायचं, आणि वाटेत सांडलं की म्हणायचं, नेलंस कशाला?

हा क्रम आम्हा शिक्षकांना नवीन नाही. बोर्डाचे पेपर आम्ही वर्षानुवर्षं घरी तपासले. कापडी पिशवीत गठ्ठे, पिशवी एसटीच्या सीटखाली, वर पाय ठेवून बसायचं. घर ही शाळेचीच एक खोली आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांच्या सोयीचं होतं, फक्त त्या खोलीचं भाडं कुणी द्यायचं नाही आणि तिथे कपाट कुणी द्यायचं नाही. २०२५ च्या मार्चमध्ये विरारला एका शिक्षिकेच्या घराला आग लागून तपासायला आणलेल्या बारावीच्या उत्तरपत्रिका जळाल्या, तेव्हा माझ्या ओळखीच्या बहुतेकांनी पहिला प्रश्न तोच विचारला: घरी नेल्याच कशाला? त्या मुलांच्या मेहनतीची दुसरी प्रत जगात कुठेच का नव्हती, हा प्रश्न फारसा कुणाला पडला नाही.

याउलट प्रश्नपत्रिका बघा. त्या केंद्रावर येतात त्याच सीलबंद. पाकीट परीक्षेच्या वेळी फोडतात, त्या आधी सील शाबूत असल्याच्या सह्या होतात. आम्हाला कधी कुणी सांगितलं नाही की बाई, येताना घरून लाख आणि मेणबत्ती घेऊन या आणि योग्य ती दक्षता घेऊन सील करा. सील वरून लागून येतं. कारण तिथे गळती झाली तर बोर्डाची अब्रू जाते. मुलांच्या यादीत गळती झाली तर जाते ती त्या मुलीच्या आईची. म्हणून एकीला लाख आहे आणि दुसरीला व्हॉट्सॲप.

दक्षतेचं कौतुकही आपण असंच करतो, तेही मला हल्ली खटकायला लागलं आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. एसटीच्या आगारात पाणी भरलं तेव्हा तिथले आगार व्यवस्थापक महामंडळाची सुमारे नऊ लाखांची रोकड घेऊन बसच्या टपावर कित्येक तास पावसात बसून राहिले. माणूस म्हणून त्यांच्यापुढे मी हात जोडते. पण सगळीकडे त्यांच्या निष्ठेच्या बातम्या वाचताना मला वाटत होतं, २००५ साली हेच शहर बुडालेलं होतं, मग सोळा वर्षांत त्या रोकडीला टपापेक्षा बरी जागा का झाली नाही? माणूस टपावर बसला की व्यवस्थेला खाली काही करावं लागत नाही. टपावर बसला नाही तर नोटीस आहेच.

आता आक्षेप. मी हे चार ठिकाणी बोलले आहे, त्यामुळे ते मला पाठ झाले आहेत.

"व्हॉट्सॲपला तर कुलूप असतंच की!" असतं, २०१६ पासून. पण ते वाटेपुरतं. पत्र सीलबंद पाकिटातून आलं आणि पन्नास घरी पाकीट फोडून कपाटावर उघडं पडलं, तसं होतं ते. ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनवर फाइल उघडी उतरते. तो फोन दुरुस्तीला जातो, नातवाच्या हातात जातो, विकला जातो. शिवाय पुढे ढकलायला एक बोट पुरतं.

"आम्ही झिप करून पासवर्ड लावतो." हो, आणि पुढच्याच मेसेजमध्ये पासवर्ड पाठवता. तो पासवर्डही शाळेचं नाव आणि एक-दोन-तीन. दाराला कुलूप आणि किल्ली त्याच कडीला टांगलेली.

"आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?" हा आक्षेप नेहमी अशा माणसाकडून येतो ज्याचं नाव यादीत नसतं. ती माहिती आपली नाहीच मुळी. ती त्या मुलांची आहे, आपल्याकडे ठेवायला दिलेली. शेजारणीने गावाला जाताना पाटल्या ठेवायला दिल्या तर आपण 'यात लपवण्यासारखं काय' म्हणून त्या ओट्यावर मांडून ठेवत नाही. आणि पाटल्या गेल्या तर नव्या करता येतात. जन्मतारीख बदलता येत नाही.

"आपोआप झालं की माणसं बेफिकीर होतात." हे एका निवृत्त मुख्याध्यापकांचं म्हणणं, आणि माणूस विचारी आहे, म्हणून उत्तर देते. सर, तुमच्या घरात एमसीबी आहे. शॉर्टसर्किट झालं की तो पडतो, तेव्हा तुम्ही दक्ष नसता, घोरत असता. पूर्वी फ्यूजची तार होती, ती वितळली की कुणीतरी जाड तांब्याची तार घालून काम भागवायचं, आणि घरं पेटायची. एमसीबी आल्याने तुम्ही विजेबाबत बेफिकीर झालात का? झाला असाल तर असू दे. घर तर उभं आहे. माणसाची काळजी ही मर्यादित गोष्ट आहे, रॉकेलसारखी रेशनवर मिळणारी. ती पोरांना शिकवण्यात खर्च व्हावी, पेनड्राइव्ह शोधण्यात नव्हे.

आपोआप चालणाऱ्या कुलपात एक धोका मात्र खरा आहे, आणि तो आक्षेप घेणाऱ्यांपैकी कुणीच काढला नाही, म्हणून मीच काढते. किल्ली कुणाकडे?

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पडली. आपल्याकडेही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. दुरुस्ती तशी किरकोळ होती, एक फाइल काढून टाकायची. पण ज्या यंत्रांच्या डिस्कला बिटलॉकरचं कुलूप होतं, तिथे आत शिरायलाच ४८ आकड्यांची किल्ली लागत होती. काही ठिकाणी त्या किल्ल्यांची यादी ज्या कॉम्प्युटरवर होती, तोही त्याच दुखण्याने आडवा. हल्लीच्या पुष्कळ लॅपटॉपवर हे कुलूप मालकाला न विचारता लागलेलं असतं. चांगलंच आहे. पण आपल्या लॅपटॉपची ती ४८ आकडी किल्ली कुठे आहे, हे तुमच्यापैकी किती जणांना सांगता येईल? आज घरी गेल्यावर बघा.

किल्लीचं महत्त्व आपल्या मराठीइतकं कुठल्या भाषेने भोगलं असेल असं मला वाटत नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर, दुसरी खूण. तेही एन्क्रिप्शनच. पंथात किल्ली पिढ्यानपिढ्या नीट जपली गेली, त्यामुळे आतल्यांना अडचण आली नाही. बाहेर मात्र लीळाचरित्रासारखा आपल्या भाषेतला आरंभीचा थोर गद्यग्रंथ असूनही शतकानुशतकं कुणाला वाचता आला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल केली तेव्हा ते दार उघडायला लागलं. बीएला असताना आम्ही त्यातल्या लीळा अभ्यासल्या, तेव्हा ही हकिकत आमच्या सरांनी सांगितली होती. मूळ ग्रंथ एका धाडीत गेला आणि ज्यांना तो मुखोद्गत होता त्यांच्याकडून परत लिहून घेतला, अशीही परंपरा सांगतात. म्हणजे कुलूपही होतं आणि दुसरी प्रतही होती, माणसांच्या डोक्यात. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या त्या मंडळींनी जेवढा विचार केला, तेवढा आमच्या शिक्षण खात्याने केला तरी पुरे.

आणि दुसरीकडे मोडी. ती लपवायला कुणी लिहिली नव्हती, भरभर लिहिता यावं म्हणून लिहायचे. शाळेतून ती गेली आणि दोन पिढ्यांत तिचंच कुलूप झालं. कोकणात कितीतरी घरांत माळ्यावरच्या ट्रंकेत मोडी कागद आहेत. गहाणखतं, वाटणीपत्रं, कुळांचे हिशेब. वारसांत भांडण लागलं की वाचणारा शोधत फिरायचं. किल्लीवाला कोण हे ठरवलं नाही तर कुलूप चोराला नव्हे, आपल्याच नातवंडांना लागतं.

म्हणून भाच्याने गेल्या मे महिन्यात आंबे खायला आला तेव्हा पुतणीसाठी जे बसवून दिलं, त्यात किल्लीचा विचार आधी आणि प्रोग्रॅमचा नंतर झाला. दोन संध्याकाळी लागल्या. कसं आहे ते सांगते, कुणाला करायचं असेल तर. तिच्या लॅपटॉपवर 'जावक' नावाचं एक फोल्डर आहे. काम संपलं की फाइल त्यात टाकायची. बस्स. तिचं काम तिथे संपलं. दर दहा मिनिटांनी प्रोग्रॅम डोकावतो, फाइल दिसली की शाळेच्या कुलपाने बंद करतो आणि पाठवतो. लाइट गेली, नेट गेलं तर थांबतो, आलं की राहिलेलं पुढे पाठवतो. पलीकडे फाइल पोचली की तिचा ठसा जुळवून बघतो. एक अक्षर जरी बदललं असेल तर ठसा जुळत नाही. जुळला की एका वहीत नोंद होते: कुठली फाइल, किती वाजता, कुणाकडून. आपल्या आवक-जावक रजिस्टरसारखंच. मग लॅपटॉपवरची उघडी प्रत पुसली जाते. आणि रात्रीत फाइल गेली नाही तर सकाळी सहाला तिच्या फोनवर निरोप येतो. हे मी मुद्दाम विचारून घेतलं होतं. मुकाट्याने बंद पडणारं यंत्र हे विसरणाऱ्या माणसापेक्षा वाईट, कारण माणूस निदान आठवल्यावर दचकतो.

शाळेच्या बाजूची किल्ली शाळेच्या कॉम्प्युटरवर आहे, आणि तिची छापील प्रत दोन पाकिटांत, लाख लावून. एक मुख्याध्यापकांच्या कपाटात, एक संस्थेच्या सचिवांकडे. मुख्याध्यापक बदलले तर चार्जच्या यादीत पाकिटाची नोंद. भाचा म्हणाला, "मावशी, आमच्या कंपनीतसुद्धा इतकं कुणी करत नाही." मी म्हटलं, "तुमच्या कंपनीत कुणी चार्ज लिस्ट लिहिली नसेल कधी."

यातले सगळे प्रोग्रॅम फुकट आहेत: जीपीजी, आरसिंक, ओपनएसएसएच. शाळेकडे एक जुना कॉम्प्युटर लागला आणि एक नवी डिस्क. पण हे एका शिक्षिकेच्या भाग्याने झालं, की तिच्या काकूचा भाचा आयटीत आहे. ज्यांना असा भाचा नाही त्यांनी काय करायचं? तक्ते मागवणारं संकेतस्थळ ज्यांनी बनवलं, त्यांना त्याच्या शेजारी असा एक 'जावक' प्रोग्रॅम बनवून राज्यातल्या सगळ्या शाळांना देता आला नसता? एकदा करायचं काम. प्रशिक्षणांच्या चहा-वड्यात निघालं असतं.

आणि कायदाही आता हेच म्हणतो, हे मुद्दाम लिहून ठेवते. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा आहे. माहिती कशासाठी गोळा करायची हे जो ठरवतो, तिच्या सुरक्षेची जबाबदारी त्याच्यावर टाकली आहे. कसूर झाली तर दंड २५० कोटींपर्यंत. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम निघाले. ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत, पण सुरक्षेच्या उपायांत एन्क्रिप्शनचं नाव घेतलेलं आहे, नोंदी ठेवण्याचंही आहे. 'योग्य ती दक्षता' यावर भागणार नाही. ज्या मुख्याध्यापकांनी त्या शिक्षिकेला नोटीस दिली त्यांनी, आणि त्यांना यादी मागणाऱ्या वरच्यांनी, तो कायदा एकदा मराठीतून वाचावा. (हाही विध्यर्थच, पण कर्ता स्पष्ट आहे.)

त्या शिक्षिकेने नोटिशीला उत्तर दिलं. मसुदा माझ्याकडे आणला होता. तीन पानं होती, त्यात दोन वेळा 'क्षमस्व' होतं. मी दोन्ही काढले आणि तीन पानांचे चार प्रश्न केले. ही यादी घरी भरावी लागेल हे आपणास माहीत होते काय? ती सुरक्षितपणे पाठवण्याचे कोणते साधन शाळेने दिले होते? ग्रुपवर यादी पाठवण्यास यापूर्वी कधी मनाई केली होती काय? ती ग्रुपबाहेर ज्याने पाठवली त्यास नोटीस दिली आहे काय? उत्तर अजून आलेलं नाही.

पुतणीच्या शाळेने सगळ्या शिक्षकांच्या लॅपटॉपवर 'जावक' बसवावं, म्हणून तिने संस्थेकडे अर्ज दिला आहे. खर्च एका डिस्कचा, आणि बसवून द्यायला येणाऱ्या मुलाच्या दोन दिवसांच्या मजुरीचा. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो सातव्या क्रमांकावर आहे. सहावा विषय कमानीच्या रंगाचा आहे, आणि रंगावर आमच्याकडे चर्चा लांबते. पुतणीला सांगितलंय, सभेला लवकर जा आणि क्रम बदलून घे.